जहाजावरचा व्हीएचएफ: खरखर बंद करू नका, ती ऐका

"काका, तो रेडिओ नुसता खरखर करतो की हो. ती बंद करायचं बटण कुठलं?"

हा प्रश्न मला मोहोळच्या एका पोराने विचारला. तो म्हणजे व्हीएचएफ, जहाजांनी एकमेकांशी आणि बंदराशी बोलायचा रेडिओ. सहा महिन्यांचं जीपी रेटिंगचं, म्हणजे साध्या खलाशाचं, प्रशिक्षण संपवून तो घरी आला होता आणि थोड्याच दिवसांत पहिल्या जहाजावर चढणार होता. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपूर, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या बाजूंची मुलं आता जहाजावर जातात. त्यातल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो तो प्रशिक्षणाला गेल्यावरच. दोरखंड, रंगकाम, गंज खरवडणं ही कामं त्यांना लवकर जमतात, कारण मेहनतीची सवय असते. अडायला होतं ते ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या, रेडिओपाशी. वर्गात सगळं शिकवलेलं असतं, पण रात्री बाराच्या पाळीला अंधाऱ्या ब्रिजवर उभं राहिलं की कुठला नॉब किती फिरवायचा ते आठवत नाही. मग खरखर नकोशी होते आणि हात स्क्वेल्चकडे, म्हणजे खरखर दाबणाऱ्या नॉबकडे, जातो. नेमकी तिथेच चूक होते.

मी समुद्रावर बरीच वर्षं काढली आणि आता सोलापुरात असतो. हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या नव्यांसाठी आहे. डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, असाल तर यातलं सगळं तुमच्या कामाचं आहे. रेटिंग असाल तर रेडिओवर बोलायचं काम अधिकाऱ्याचं असतं, पण लुकआउटला उभं असताना कान तुमचेही लागतातच.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. कारखान्यात माग सुरू झाले की शेजारच्या माणसाशी कानात ओरडून बोलावं लागायचं. मी डबा घेऊन जायचो तेव्हा मला त्या धडधडीत काहीच कळायचं नाही. वडील मात्र दुसऱ्या मागाकडे पाठ करून उभे असताना मध्येच वळायचे, आणि तिथे खरंच ताण्याचा धागा तुटलेला असायचा. धोट्याचा ठोका जरा बदलला की त्यांना कळायचं. त्यांनी कानात कधी कापूस घातला नाही. घातला असता तर गोंगाट कमी झाला असता, पण त्याबरोबर तो बदललेला ठोकाही गेला असता. व्हीएचएफची खरखर मला कायम त्या मागांसारखी वाटत आली आहे.

आधी संच ओळखून घ्या

जहाजाच्या ब्रिजवर जो भिंतीत किंवा कन्सोलमध्ये बसवलेला संच असतो त्यावर कितीही बटणं असली तरी ऐकण्यासाठी महत्त्वाची तीन: व्हॉल्यूम, स्क्वेल्च आणि चॅनेल. व्हॉल्यूमच्या नॉबमध्येच बहुधा चालू-बंद असतं. स्क्वेल्चवर 'एसक्यूएल' अशी तीन अक्षरं असतात. काही नव्या संचांत त्याला वेगळा नॉब नसतो. एकच नॉब दाबला की व्हॉल्यूमवरून स्क्वेल्चवर जातो आणि पडद्यावर आकडा दिसतो. आपल्या जहाजावरचा संच कसा आहे ते पहिल्याच दिवशी दिवसाउजेडी बघून घ्या.

शिवाय '१६' असं लिहिलेलं एक बटण असतं (सोळा नंबर म्हणजे संकटाचा आणि हाक मारायचा चॅनेल), ताकद कमी-जास्त करायचं 'हाय-लो'चं असतं, ड्युअल वॉचचं असतं, आणि झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते लाल बटण संकटाचा डिजिटल इशारा पाठवतं. शिकताना, पुसताना, कुतूहलापोटीसुद्धा ते झाकण उचलायचं नाही. चुकून इशारा गेलाच तर लपवायचं नाही, त्याच क्षणी पाळीवरच्या अधिकाऱ्याला सांगायचं. चुकीचा इशारा रद्द करायची ठरलेली पद्धत असते आणि तो लवकर रद्द झाला तर शोधपथकाची धावपळ वाचते.

स्क्वेल्च बसवायचा कसा

आता मुख्य काम. याचा क्रम बदलू नका.

पहिल्यांदा स्क्वेल्च पूर्ण उघडा, म्हणजे नॉब डावीकडे शेवटपर्यंत फिरवा. आकड्यांचा संच असेल तर शून्यावर आणा. जोरात खरखर सुरू होईल. घाबरू नका, ती यायलाच हवी. ती आली म्हणजे संच चालू आहे, स्पीकर जिवंत आहे आणि आवाजाचा मार्ग मोकळा आहे, हे तीनही एका झटक्यात कळलं. खरखर आलीच नाही तर पुढे जायचं कारणच नाही. व्हॉल्यूम शून्यावर आहे का, हँडसेट हुकावरून खाली आहे का, बाहेरच्या स्पीकरकडे आवाज वळवलेला आहे का, ते आधी बघा.

दुसऱ्यांदा, ही खरखर चालू असतानाच व्हॉल्यूम लावा. ब्रिजच्या दुसऱ्या टोकाला, चार्ट टेबलापाशी उभं राहिल्यावर खरखर स्पष्ट ऐकू आली पाहिजे, पण जवळ उभं राहिल्यावर कान दुखता कामा नयेत. उलटा क्रम करणारे खूप असतात. ते आधी स्क्वेल्चने शांतता करतात आणि मग शांततेतच व्हॉल्यूमचा अंदाज बांधतात. शांततेत व्हॉल्यूम किती आहे ते कुणालाच कळत नाही. मग जवळच्या जहाजाने हाक मारली की स्पीकर फाटल्यासारखा ओरडतो, किंवा हाक येऊनही पुटपुटल्यासारखी वाटते.

तिसऱ्यांदा, स्क्वेल्च हळूहळू उजवीकडे फिरवा. एका जागी खरखर तुटक होईल, अडखळेल आणि थांबेल. तिथेच हात थांबवा. पुन्हा मध्येच फुरफुरत असेल तर केसभर पुढे घ्या, त्याहून जास्त नाही. आकड्यांच्या संचावर खरखर ज्या आकड्याला थांबते तोच आकडा, फार तर त्याच्या पुढचा एक.

आणि चौथ्यांदा, कुणाचं तरी बोलणं येऊ द्या. बंदराजवळ असाल तर फार वेळ थांबावं लागत नाही. बोलणं सुरू होतानाचा पहिला शब्द कापला जातोय का, शेवट तुटतोय का, हे ऐका. तुटत असेल तर स्क्वेल्च अजूनही घट्ट आहे.

एवढंच आहे, पण ते का करायचं हे कळलं नाही तर हात पुन्हा जुन्या सवयीवर जातो, म्हणून जरा खोलात सांगतो.

समुद्री व्हीएचएफ हा एफएम पद्धतीचा रेडिओ आहे. एफएम संचाला समोर कुठलाच सिग्नल नसला की तो स्वतःच्या आतला आणि हवेतला गोंधळ मोठा करून ऐकवतो. तीच ही खरखर. कुणी बोलायचं बटण दाबलं की त्याची लहर संचात शिरते आणि खरखर आपोआप दबते. स्क्वेल्चचं सर्किट नेमकं हेच पाहत बसलेलं असतं. खरखर जास्त म्हणजे कुणी बोलत नाही, दार बंद. खरखर कमी झाली म्हणजे कुणीतरी आलं, दार उघड. खरखर किती कमी झाली की दार उघडायचं, एवढंच तो नॉब ठरवतो.

म्हणजे स्क्वेल्च आवाज साफ करत नाही. तो फक्त दारवान आहे. त्याला जितका कडक कराल तितक्या फक्त दांडग्या माणसांना तो आत सोडेल. शेजारून जाणारं मोठं जहाज, बंदराचं नियंत्रण कक्ष यांना कसंही आत येता येतं. बाहेर राहतो तो लांबचा, दुबळा आवाज. लाइफबोटीत बसून हातातल्या संचावर बोलणारा माणूस, बॅटरी उतरत आलेली मच्छीमार बोट, हे सगळे दुबळ्या आवाजातच येतात. सोळा नंबर ज्यांच्यासाठी राखलेला आहे तेच बाहेर राहतात.

हे मी अनुभवाने शिकलो. कोकण किनाऱ्याच्या बाहेरून रात्री जात होतो. आधीच्या पाळीत कुणीतरी खरखरीला कंटाळून स्क्वेल्च खूप पुढे नेऊन ठेवला होता आणि मी पाळी घेताना तो तपासला नाही. ब्रिजवर छान शांतता होती, आणि मला ती शांतता खरी वाटली. बऱ्याच वेळाने अचानक एका माणसाचा घसा फोडून ओरडल्यासारखा आवाज आला, मराठीत, "जाळं आहे, जाळं आहे पुढं!" तो कधीपासून हाका मारत होता देव जाणे, जवळ आल्यावर कुठे त्याचा आवाज आमच्या दारातून आत आला. मार्ग बदलला, माणसांना काही झालं नाही, पण त्याचं जाळं आमच्याखाली गेलं. एका घराचं जाळं म्हणजे काय असतं, ते मागावर पोट भरलेल्या घरातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या रात्रीनंतर मी पाळी घेताना स्क्वेल्च उघडून बघितल्याशिवाय एकदाही सही केली नाही.

सोलापुरात बसून सराव

"पण काका, इथं कुठं रेडिओ आहे?" असं तो पोरगा म्हणाला. आहे की. घरात काट्याचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो काढा. एफएमवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणा. जी खरखर ऐकू येईल ती व्हीएचएफच्या उघड्या स्क्वेल्चची सख्खी बहीण आहे. मोबाइलमधला किंवा आकड्यांचा नवा रेडिओ यासाठी उपयोगाचा नाही, कारण तो रिकाम्या जागी स्वतःच गप्प बसतो.

आता काटा अगदी हळू एखाद्या स्टेशनाकडे सरकवा. बोलणं ऐकू यायच्या आधी खरखरीचा पोत बदलतो, ती जरा खाली बसते. तो बदल ओळखायला शिका. रोज दहा मिनिटं, डोळे मिटून. अंगण असेल तर अंगणात, नाहीतर गच्चीवर जा. गड्ड्याच्या यात्रेत हजार आवाजांतून आईची हाक कशी बरोबर कानाला लागते? सवयीमुळेच ना? तीच सवय इथे लावायची आहे.

आणखी एक गोष्ट याच ट्रान्झिस्टरवर कळते. एसटीतून पुण्याकडे निघालात की सोलापूरचं एफएम बराच वेळ छान लागतं आणि मग थोड्याच अंतरात फुरफुरून संपतं. मध्यम लहरींसारखं हळूहळू विरत नाही. व्हीएचएफ तसाच आहे. ऐकू येतंय तोवर चांगलं येतं, मग एकदम तुटतं. म्हणून समोरच्याचं बोलणं फुरफुरायला लागलं की तो काठावर आहे असं समजा. त्या वेळी स्क्वेल्च लगेच पूर्ण उघडा. हातातल्या संचावर त्यासाठी बहुधा 'मॉनिटर'चं बटण असतं. ते दाबून धरलं की तेवढ्यापुरतं दार सताड उघडं राहतं. खरखरीसकट ऐका. अर्धं वाक्य कळलं तरी बोटीचं नाव किंवा जागा हाती लागते.

ऐकू किती लांबून येतं

सोळा नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईवरून फार वाकत नाहीत. त्यामुळे अंतर ठरतं ते अँटेनाच्या उंचीवर. ढोबळ हिशोब असा: दोन्ही अँटेनांच्या उंचीची, मीटरमध्ये, वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि २.२ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तुमची अँटेना पाण्यापासून २५ मीटरवर, समोरच्याची १६ मीटरवर. पाच अधिक चार नऊ, गुणिले २.२, म्हणजे सुमारे २० मैल. समोरचा लाइफबोटीत असेल, हातातला संच पाण्यापासून दोन मीटरवर, तर सुमारे १४ मैल. दोन्ही लाइफबोटीतच असतील तर जेमतेम सहा. हा झाला कागदावरचा हिशोब. हातातल्या संचाची ताकद आणि छोटी अँटेना बघता प्रत्यक्षात त्याहून कमीच धरा.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. मध्ये काहीच नसतं असं धरलं तरी २५ मीटर अँटेनाच्या जहाजाचा आवाज इथे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडून आला नसता. समुद्र अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब आणि मध्ये सह्याद्री उभा. सोळा नंबर इथे का लागत नाही, ते या हिशोबातच आलं.

अपवाद आहे, आणि तो तुम्हाला अरबी समुद्रात भेटेल. पावसाळ्याआधीच्या तापलेल्या दिवसांत समुद्रावरच्या थंड हवेवर गरम हवेचा थर बसतो आणि लहरी त्या दोन थरांमध्ये नळीतून गेल्यासारख्या शेकडो किलोमीटर जातात. मग कुठल्या कुठल्या बंदरांची बोलणी सोळा नंबरवर आदळतात, गलका होतो. अशा वेळी स्क्वेल्च घट्ट करायचा मोह सर्वांत जास्त होतो. करू नका. व्हॉल्यूम जरा कमी करा आणि कान जास्त द्या.

चॅनेलची गफलत

आवाज येत नाही म्हणून संचाला दोष देण्याआधी पडद्यावरचा चॅनेल वाचा. सोळा हा संकटाचा, सुरक्षेचा आणि हाक मारायचा. हाक मारून झाली की दुसऱ्या चॅनेलवर जाऊन बोलायचं. तेरा हा जहाजा-जहाजांमधल्या मार्गाच्या बोलण्यासाठी, सहा हाही जहाजा-जहाजांमधला, शोध-बचावाच्या कामातही वापरतात. सत्तरवर तोंडी बोलणं नसतंच, तो डिजिटल हाकांसाठी राखलेला आहे. बंदरांचे चॅनेल प्रत्येक ठिकाणी वेगळे. ते रेडिओ सिग्नल्सच्या अॅडमिरल्टी यादीच्या सहाव्या खंडात मिळतात. तो खंड ब्रिजवर असतो, अधिकाऱ्याला विचारून चाळा.

एक कारण नव्या माणसाला सहसा सुचत नाही. अनेक संचांत आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी असे दोन चॅनेल-संच असतात आणि एखादं बटण चुकून दाबलं गेलं की संच अमेरिकी पद्धतीवर जातो. सोळा दोन्हीकडे तोच असल्यामुळे कुणाला काही कळत नाही. पण काही चॅनेल असे आहेत की आंतरराष्ट्रीय पद्धतीत किनाऱ्याचं स्टेशन आपल्यापेक्षा ४.६ मेगाहर्ट्झ वरून बोलतं आणि आपण ते तिथे ऐकतो. अमेरिकी पद्धतीत संच बोलतो त्याच जागी ऐकत बसतो. मग बंदर बोलत असतं आणि तुमच्याकडे शांतता. पडद्याच्या कोपऱ्यात कुठली पद्धत लिहिली आहे ते बघायची सवय लावा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय.

ड्युअल वॉच लावला की संच तुमचा चॅनेल ऐकता ऐकता दर काही क्षणांनी सोळावर डोकावतो. चांगली सोय आहे. स्कॅनिंग मात्र मला पाळीवर आवडत नाही. संच दहा चॅनेलांवर फिरत राहतो, गप्पांवर अडकतो, आणि हव्या त्या हाकेची सुरुवात निसटते. ब्रिजवर दोन संच असतील तर एक कायम सोळावर, दुसरा कामाच्या चॅनेलवर. यापेक्षा चांगली व्यवस्था मी पाहिली नाही.

'हाय-लो'चा ऐकण्याशी संबंध नाही. ते फक्त बोलताना किती ताकदीने बोलायचं ते ठरवतं, २५ वॉट की १ वॉट. ऐकू येत नाही म्हणून ते बटण दाबणारे बघितलेत, म्हणून लिहिलं. ऐकण्याशी संबंध असलेलं बटण वेगळं: काही संचांवर 'लोकल' असं असतं. गर्दीच्या बंदरात सिग्नल एकमेकांवर चढू नयेत म्हणून ते संचाचे कान थोडे मंद करतं. बंदर सोडल्यावर ते परत काढायला विसरलात तर खुल्या समुद्रात लांबचं काही ऐकू येणार नाही.

खरखर वाढली तर शोध घ्या

काल ज्या आकड्यावर खरखर थांबत होती तिथे आज थांबत नसेल, तर स्क्वेल्च पुढे नेऊन विषय संपवू नका. कुठून तरी नवा गोंधळ आत येतोय. आजकालचा पहिला संशयित म्हणजे एलईडी दिवे. दिव्यामागचं सर्किट हलक्या प्रतीचं असलं की ते व्हीएचएफच्या पट्ट्यातच गोंधळ ओततं. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सुरक्षेची सूचनाच काढली होती आणि तपासायची साधी रीतही सांगितली होती. संच एखाद्या शांत चॅनेलवर आणा, तिथे स्क्वेल्च खरखर थांबते त्या बिंदूवर बसवा, मग संशयित दिवे लावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर चोर सापडला. दिवे एकेक करून लावा म्हणजे नेमका कुठला तेही कळतं. हीच रीत मोबाइलच्या चार्जरला, नव्या कॅमेऱ्याला, कशालाही लागू पडते. घरी मध्यम लहरींवर ट्रान्झिस्टर लावून एलईडी बल्बजवळ न्या, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दुसरा संशयित वरती मास्टवर असतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला मिठाच्या हवेचा धातूवर काय परिणाम होतो याचा अंदाज नसतो. अँटेनाच्या केबलचा जोड नीट झाकलेला नसला की आत पाणी आणि मीठ शिरतं, तांब्यावर हिरवं चढतं, आणि संच हळूहळू बहिरा होत जातो. हळूहळू होतो म्हणून लक्षात येत नाही. खूण अशी: खरखर नेहमीसारखी, जवळची जहाजं नेहमीसारखी, पण लांबची माणसं यायची बंद झालेली. असं वाटलं की अधिकाऱ्याला सांगा. मास्टवर परवानगीशिवाय चढायचं नाही. वर रडार फिरत असतं, आणि अँटेनापाशी माणूस असताना खाली कुणी संचाचं बटण दाबलं तर तेही धोक्याचं.

तिसरी गोष्ट हातातल्या संचाची. तो उभा धरा, अँटेना आकाशाकडे. समुद्रावर सगळ्यांच्या अँटेना उभ्याच असतात, आडव्या धरलेल्या संचाला कमी ऐकू येतं. कमरेला अडकवला तर तुमचं अंगच मध्ये येतं. आणि भिंतीतल्या मोठ्या संचाच्या अगदी जवळ त्याच चॅनेलवर हातातला संच चालू ठेवू नका. एकावर बोललं की दुसरा किंचाळतो. स्पीकरच्या जाळीत पाणी गेलं की आवाज घोगरा येतो. संच उलटा धरून झटका, मिठाचं पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुऊन पुसा.

आणि संच अगदीच मुका झाला, खरखरही नाही, तर मायक्रोफोनचं बटण कुठे दाबलेलं राहिलंय का ते सगळ्यात आधी बघा. बसायच्या फटीत माइक अडकतो, वर फाइल पडते, संच बोलत राहतो आणि बोलणारा संच ऐकत नाही. त्याहून वाईट म्हणजे, एफएममध्ये जवळचा दांडगा सिग्नल लांबच्याला पूर्ण गिळतो, त्यामुळे आजूबाजूच्या मैलोगणती समुद्राचा तो चॅनेल तुमच्या एका माइकने बंद पडतो. प्रक्षेपणाचा दिवा पेटलेला आहे का, याकडे जाता-येता एक नजर असू द्या.

एमएफ-एचएफचा मोठा संच

हा मध्यम आणि लघु लहरींवरचा, लांब पल्ल्याचा संच. याच्या वाटेला नवा माणूस लवकर जात नाही, म्हणून थोडक्यात. तिथे नियम वेगळे. बोलणं एफएममध्ये नसून सिंगल साइडबँडमध्ये असतं, आणि समुद्रावर अप्पर साइडबँड. स्क्वेल्च तिथे वापरूच नका, पूर्ण उघडा ठेवा, कारण दुबळा आवाज खरखरीच्या आतच दडलेला असतो. बोलणं चिरकं किंवा गुदमरल्यासारखं आलं तर क्लॅरिफायर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बारीक जुळवायचा नॉब, केसभर इकडे-तिकडे करा, माणसाचा आवाज माणसासारखा होईतो. खरखर फार असेल तर आरएफ गेन, म्हणजे संचाचे कान किती तीक्ष्ण ते ठरवणारा नॉब, थोडा कमी करा. बोलण्यापेक्षा गोंधळ जास्त खाली जातो. दिवसा वरच्या, रात्री खालच्या फ्रिक्वेन्सी चालतात. तोंडी संकटाची हाक २१८२ किलोहर्ट्झवर आणि वरच्या पट्ट्यांत ४१२५, ६२१५, ८२९१, १२२९०, १६४२० वर. सिंगल साइडबँड पकडणारा शॉर्टवेव्ह रेडिओ कुणाकडे असेल तर सोलापुरातही ७ मेगाहर्ट्झच्या आसपास हौशी हॅम मंडळींच्या गप्पांवर क्लॅरिफायरचा हात बसवता येतो. ते त्या पट्ट्यात लोअर साइडबँड वापरतात, तेवढं लक्षात ठेवा.

सरावाच्या उत्साहात एक मात्र करू नका. ऑनलाइन समुद्री वॉकीटॉकी मागवून गच्चीवरून किंवा उजनीच्या काठावरून बटण दाबून बघू नका. समुद्री संच जहाजाच्या परवान्यावर चालतो, आणि चालवणाऱ्याकडे जीएमडीएसएसचं (समुद्रावरच्या संकट-संपर्काच्या जागतिक व्यवस्थेचं) प्रमाणपत्र किंवा तशा माणसाची देखरेख लागते. ऐकण्याचा सराव ट्रान्झिस्टरवर पुरेसा होतो.

पाळी घेताना

समोरच्याला तुमचं बोलणं कसं जातंय ते विचारायला ठरलेलं वाक्य आहे: "हाऊ डू यू रीड?" उत्तर एक ते पाचमध्ये येतं, एक म्हणजे बॅड, पाच म्हणजे एक्सलंट. तुम्हाला कुणी विचारलं तर खरं उत्तर द्या. तीन असेल तर तीनच सांगा, भिडेखातर पाच नको. समोरचा त्यावरून आपला संच तपासत असतो. ही चाचणी सोळावर रेंगाळत करायची नाही, कामाच्या चॅनेलवर करायची.

पाळी बदलताना माझा क्रम ठरलेला होता, तोच त्या मोहोळच्या पोराला वहीत लिहून दिला. पडद्यावर सोळा आहे ना. पद्धत आंतरराष्ट्रीय आहे ना. 'लोकल' बंद आहे ना. प्रक्षेपणाचा दिवा विझलेला आहे ना. मग स्क्वेल्च पूर्ण उघड, चार्ट टेबलापाशी जाऊन खरखर ऐक, परत ये, हळूहळू मिटव, थांबते तिथे थांब. अर्धा मिनिट लागतो. आधीच्या पाळीचा माणूस घाईत असतो, त्याला झोपायला जायचं असतं, तो म्हणेल सगळं ठीक आहे. तरीही त्याच्यासमोरच उघडून बघ, आणि मगच नोंदवहीत पाळी घेतल्याची वेळ लिही.